ज्याचं त्याला

घरात सुना दोन. थोरली लढाऊ विमानं दुरुस्त करायची आणि धाकटी ती उडवायची. "एकीनं निगुतीनं जोडायचं आणि दुसरीनं घेऊन पळायचं, असा आमच्याकडे कारभार," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगत आणि वर पुस्ती जोडत, "ओट्यावरही तेच." त्यात खोटं काही नव्हतं. थोरलीने घासूनपुसून लख्ख केलेल्या ओट्यावर धाकटी बघता बघता असा पसारा मांडायची, की इथे एखादं विमान कोसळलंय की काय असं वाटावं. हा विनोद घरात रोज व्हायचा. त्या हंगामात मात्र तो कुणी करेनासं झालं.

कारण त्या हंगामात तळावरची दोन विमानं खरोखरच कोसळली. पहिल्यातला पायलट छत्रीने उडी मारून वाचला, पण पाठीचा मणका मोडून इस्पितळात पडला. शुद्धीवर आल्यापासून तो एकच सांगत होता, "काठी हलेना हो, काठीच हलेना." काठी म्हणजे विमान ज्याने वळवायचं तो दांडा. चौकशीवाल्यांनी सहानुभूतीने माना डोलावल्या आणि बाहेर येऊन एकमेकांना सांगितलं, की बिचाऱ्याच्या डोक्याला मार लागलाय.

दुसऱ्यातल्या पायलटला उडी मारायला सवडच मिळाली नाही. तो मुळातच मोजकं बोलायचा, म्हणून सगळे त्याला लाडाने मुका म्हणत. धाकटीबरोबर शिकलेला, तिच्याच तुकडीतला, आणि घरी आला की पानात पडेल ते निमूट खाऊन ताट स्वतः धुऊन ठेवणारा. "पोटचे दोघं एवढं करत नाहीत," असं सासूबाई म्हणायच्या. पोटचे दोघं, म्हणजे या दोघींचे नवरे, दूरगावी नोकरीला होते. या गोष्टीत त्यांचं काही काम नाही, आणि खरं सांगायचं तर घरातही फारसं नव्हतं.

तो सुट्टीचा दिवस होता. जेवणं उरकली होती, थोरली ताटं पुसत होती आणि सासऱ्यांनी बातम्यांसाठी रेडिओ लावला होता. निवेदक घसा खाकरून म्हणाला, "दुसऱ्या अपघाताला वैमानिक स्वतःच जबाबदार होता, असं चौकशीत निष्पन्न झालं आहे. यंत्रात कोणताही दोष आढळला नाही. उद्या दलप्रमुखांच्या उपस्थितीत तळावरची उड्डाणं पुन्हा..."

आणि रेडिओ घरघरून बंद पडला.

"मेल्या माणसाला तोंड नसतं, म्हणून यांचं फावतं," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "त्यात याला जिवंतपणीही नव्हतं. वायरलेसवर काही बोलला नाही, म्हणजे म्हणे याचीच चूक! अरे, तो कधी बोलला होता?" ती उठून गॅलरीत गेली आणि सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली. उद्याच्या उड्डाणात सगळ्यांत पुढचं विमान तीच नेणार होती.

इकडे सासरे रेडिओला थापट्या मारत होते. "परवाच तर सेल घातला! एक जुना, एक नवा. मी दोन्ही जुने कधी ठेवतच नाही. एक बसला तरी दुसरा ओढतो." विजेचं शास्त्र काही वेगळं सांगतं, पण सासऱ्यांना शास्त्र सांगायला जाणार कोण?

"नवा होता तो मी रिमोटला घेतला," सासूबाई म्हणाल्या. "उसना. आणि रिमोटमधला इकडे घातला."

"अगं, रिमोटमधला मेलेलाच होता ना! म्हणून तर तू काढलास!"

"सेल तो सेल. एक घेतला, एक ठेवला, फिट्टंफाट. तुमच्या रेडिओला कमी काय पडलं, ते सांगा."

थोरलीच्या हातातलं ताट हातातच राहिलं.

आता घोडं कुठे पेंड खात होतं ते सांगायला हवं. लढाऊ विमानाची शेपटी हलवायला माणसाचा जोर पुरत नाही. ते काम तेल करतं, आणि तेल ढकलायला पंप लागतो. पंप बंद पडला की काठी जागच्या जागी घट्ट. म्हणून प्रत्येक विमानात पंप दोन, आणि दोघे कधी एका वयाचे ठेवायचे नाहीत. एक म्हातारा असेल तर दुसरा तरणा हवा, म्हणजे म्हातारा वाटेत बसलाच तर तरणा विमान घरी आणतो. दोन्ही पंप एकदम जाणं शक्यच नाही, या एका वाक्यावर चौकशीचा सगळा डोलारा उभा होता. यंत्राने दगा दिला नाही, म्हणजे मग माणसाने दिला असणार.

पण या तळाची एक खासियत होती. तिचं नाव उसनवारी. एखाद्या विमानाचा एखादा भाग बिघडला आणि कोठारात नवा नसला, तर शेजारच्या विमानाचा काढून लावायचा. उसना. संध्याकाळी परत. भाग कायमचा बदलला तर त्याची नोंद व्हायची, पण उसन्याची नोंद कसली? ते तर घरचंच, परत येणारं. आणि परत यायचंही बरं का! फक्त पंप नेला की पंप यायचा. तोच यायचा असं नाही. शेजारीण वाटीभर साखर घेऊन गेली तर तीच साखर थोडीच परत आणते? वाटीला वाटी. सगळ्या तळाला यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण सगळ्यांच्या घरी असंच चालायचं.

साखरेला वय नसतं, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

थोरली या तळाच्या दुरुस्ती विभागाची प्रमुख होऊन फार दिवस झाले नव्हते. आल्यापासून ती जिथे तिथे "थांबा, आधी बघू द्या" म्हणायची, म्हणून तिला पाठीमागे 'थांबा मॅडम' म्हणत. उसनवारीवरही तिने नाक मुरडलं होतं. तेव्हा तिला हसून सांगण्यात आलं होतं, की मॅडम, यामुळेच आपला तळ कधी अडत नाही. आज तिने ताट ठेवलं, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "मी जरा हँगरमध्ये जाऊन येते."

"सुट्टीच्या दिवशी?" सासूबाई म्हणाल्या.

"तुमच्या सेलमुळेच जातेय," असं म्हणून ती गेलीसुद्धा. सासूबाईंना वाटलं, आपल्यावर रागावून गेली.

हँगरमध्ये मामा होते. मामा म्हणजे उद्याच्या पुढच्या विमानाचे मेकॅनिक, धाकटी ज्यात बसणार होती त्याचे. उसनवारीच्या खेळात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कुणाकडे कधी काय मागायचं, कुणाला काय सांगून पटवायचं, हे त्यांना उपजत कळायचं. आत्ता ते विमानाच्या नाकावर फडकं फिरवत होते. "बघा मॅडम, नवरीसारखं सजवलंय."

"मामा, पोट उघडा."

"आता? अहो, लग्न उद्यावर आलंय आणि तुम्ही नवरीचं पोट उघडा म्हणता!"

"उघडा."

मामांनी कुरकुरत झाकण उतरवलं. थोरली टॉर्च घेऊन आत वाकली. प्रत्येक पंपाच्या अंगावर एक पत्र्याची पट्टी ठोकलेली असते: हा कधी जन्मला आणि कुठल्या विमानासाठी आला. त्या पट्टीकडे बघायचं कुणाला कारणच पडलं नव्हतं, कारण पंप चालतोय की नाही हे बिनपट्टीचं कळतं.

"मामा, हा कुणाच्या घरचा?"

मामांनी डोळे बारीक केले. "हा तो कोपऱ्यातल्या विमानाचा. मीच आणला होता की. उसना."

"वय बघा याचं. आणि हा दुसरा?"

मामांनी पट्टी वाचली. मग अंगठ्याने पुसून पुन्हा वाचली. "हा पहिल्या पडलेल्याचा."

"म्हणजे त्याचा पंप इथे, तुमच्याकडे. मग ते पडलं, तेव्हा त्याच्या पोटात कुणाचा होता?"

शेजारी सुटं चाक पडलं होतं, त्यावर मामा मटकन बसले. दोन्ही पंप म्हातारे होते, कधीच बाद व्हायला हवे होते असे. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर घालता घालता तरणे कुठे गेले आणि म्हातारे कुठे जमले, हे आता देवालाच ठाऊक.

"नवरी म्हणालो मी हिला," मामा पुटपुटले. "आणि हिच्यात तुमच्या जाऊबाईंना बसवणार होतो."

तळप्रमुख संध्याकाळी आपल्या बंगल्यासमोर कुंड्यांना पाणी घालत होते. सगळा तळ त्यांना मोठे साहेब म्हणायचा, आणि पाठीमागे 'शंभर टक्के', कारण 'किती विमानं सज्ज आहेत?' असं वरून विचारलं की त्यांचं उत्तर कायम हेच असायचं. पूर्वी ते थोरलीच्याच जागेवर होते. सुट्या भागांचा भयंकर तुटवडा होता तेव्हा उसनवारीची युक्ती त्यांनीच काढली, तिच्यावर तळ तगवला आणि तिच्याच जोरावर ते वर चढले. हँगरच्या भिंतीवर त्यांनी त्या वेळी स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं: 'मागितलं की द्या.' म्हणजे ज्याची वस्तू त्याने परत मागितली, की त्या क्षणी काढून द्यायची. का म्हणून विचारायचं नाही, वरिष्ठांच्या हुकमाची वाट बघायची नाही. या एका नियमावर सगळ्यांचा एकमेकांवर विश्वास होता, आणि हा नियम कुणी कधी मोडला नव्हता.

थोरलीने पंपांचं सांगितलं. मग, न राहवून, रेडिओचंही सांगितलं.

साहेब हसले. "म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या रेडिओपायी मी देशाची विमानं जमिनीवर बांधून ठेवू?"

"थांबा म्हणतेय, साहेब. सगळी विमानं एकदा उघडून बघू द्या."

"पंप चालतायत की नाही?"

"आत्ता चालतायत."

"मग चालेल." त्यांनी पाण्याची झारी खाली ठेवली. "हे बघा, उद्या दलप्रमुख येतायत. दोन अपघातांनंतर ते बघायला येतायत, की या तळाला माणूस आहे की नाही. मी त्यांना काय दाखवू? उघडी पोटं? हा तळ उपाशी होता तेव्हा मी जगवलाय, मॅडम. तुमची सही नसेल तर दुसऱ्याची घेईन. उद्या विमानं उडणार."

राग आला की थोरलीला बोलता यायचं नाही, नुसते कान तापायचे. ती तापलेल्या कानांनी घरी आली.

धाकटी गॅलरीतच होती. थोरलीने तिला सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. ऐकून धाकटी आधी कठड्याला घट्ट धरून राहिली. "म्हणजे मुक्याची काठीपण..." एवढंच म्हणाली आणि रडली. या वेळी तिने पाठ केली नाही.

"उद्या तू बसू नकोस," थोरली म्हणाली.

"ताई, मी नाही बसले तर दुसरं कुणी बसेल. त्याच्याही घरी कुणीतरी असेलच की." तिने नाक पुसलं. "माझं एकटीचं थांबून काय उपयोग? सगळ्यांना थांबव. नाव उगीच पडलंय का तुझं?"

"हुकूम आहे गं. आणि साहेबांचा हुकूम मोडा असं मी माझ्या माणसांना कोणत्या तोंडानं सांगू? सगळ्यांच्या नोकऱ्या जातील."

आतून सासूबाईंचा आवाज येत होता. त्या सासऱ्यांना फणकाऱ्याने म्हणत होत्या, "हवा होता तुमचा सेल, तर मागायचा होतात! मागितला असतात तर तिथल्या तिथे काढून दिला असता. मी काय खाऊन टाकणार होते?"

थोरलीने धाकटीकडे बघितलं. मग तिला इतकं हसू फुटलं, की धाकटीला वाटलं, ताण सहन न होऊन हिचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मेकॅनिक हँगरमध्ये जमले. प्रत्येक विमानाचा एकेक मेकॅनिक, आणि जो तो आपल्या विमानाचा मालक असल्यासारखा वागणारा. थोरली भिंतीवरच्या अक्षरांखाली उभी राहिली.

"उड्डाण थांबवा असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "तो हुकूम साहेबांचा. मी एवढंच विचारते, तुमच्यापैकी कुणाकुणाचं काय काय दुसऱ्याकडे उसनं आहे?"

हशा पिकला. असा कोण होता, ज्याचं काही बाहेर नव्हतं?

"मग आज मागून घ्या. सगळं, आणि सगळ्यांनी. मागितलं की द्यायचं, साहेबांचाच नियम आहे."

हशा थांबला. एकमेकांकडे बघणं सुरू झालं. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, असा प्रश्न सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता. तेव्हा मामा पुढे आले. उसनवारीचे राजे ते, पण स्वतःचं दिलेलं त्यांनी कधी कुणाकडे परत मागितलं नव्हतं. परत मागण्यात त्यांना कमीपणा वाटायचा. ते थेट समोरच्या विमानाच्या मेकॅनिककडे गेले. "माझा पंप दे रे बाबा. तरणा, चांगला, माझ्या घरचा. आणि तुझं जे काय माझ्याकडे असेल ते घेऊन जा. आज मला माझंच पाहिजे."

तो मेकॅनिक पाना घ्यायला वळला. मग दुसऱ्याने तिसऱ्याकडे मागितलं, तिसऱ्याने चौथ्याकडे, आणि बघता बघता हँगरमध्ये घर बदलताना होते तशी झुंबड उडाली. पंप ढकलगाड्यांवरून इकडून तिकडे निघाले. चाकं, खुर्च्या, घड्याळं, काय काय म्हणून सांगावं! "हा बघ माझा, मी म्हणतच होतो कुठे गेला!" "अरे, हा तर मुक्याच्या विमानाचा!" "त्याचा तरणा पंप इथे, आणि त्याच्या पोटात काय होतं मग?" प्रत्येक पट्टी मोठ्याने वाचली जात होती, आणि प्रत्येक पट्टीगणिक हँगर जास्त जास्त गप्प होत होता. शेवटी फक्त पान्यांचे आवाज उरले.

मोठे साहेब दलप्रमुखांना घेऊन दारात आले, तेव्हा एकही विमान धड नव्हतं. सगळ्यांची पोटं उघडी होती. पायलट मंडळी उड्डाणाचे कपडे घालून भिंतीला टेकून उभी होती आणि धाकटी त्यांच्या पुढे होती.

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "हे काय आहे?"

"उसनं परत देणं चाललंय, साहेब," थोरली म्हणाली. तिने भिंतीकडे बोट केलं. "मागितलं की द्या. सगळ्यांनी एकदम मागितलं."

दलप्रमुख कमी बोलणारे, उंच, वाळकुडे गृहस्थ होते. त्यांनी भिंत वाचली. मग उघडी विमानं बघितली. "मागावंसं का वाटलं?" त्यांनी विचारलं.

थोरलीने सांगितलं. या वेळी रेडिओ वगळला, फक्त पट्ट्या दाखवल्या. हँगरच्या एका टोकाला पंप तपासायचं लोखंडी टेबल होतं, त्याला सगळे परीक्षेचा बाक म्हणत. ती म्हणाली, "पुढच्या विमानातून निघालेले दोन पंप मी वेगळे ठेवलेत. यांच्याच भरवशावर आज उड्डाण होणार होतं. उडताना असतात तसे दोन्ही एकत्र बाकावर लावते. टिकले, तर मी राजीनामा देऊन घरी जाईन."

"लावा," दलप्रमुख म्हणाले.

पंप सुरू झाले. छान चालले, आवाजात खोट नव्हती. साहेबांनी थोरलीकडे एक कटाक्ष टाकला. मग तिने ताण वाढवायला सुरुवात केली, विमान गर्रकन वळताना पडतो तेवढा. एका पंपाने कण्हल्यासारखा आवाज केला, तेलाची चिळकांडी उडाली आणि तो थांबला.

"एक गेला," साहेब घाईने म्हणाले. "एक जाऊ शकतो. म्हणून तर दुसरा असतो. बघा, दुसऱ्याने घेतला भार."

खरंच घेतला होता. तेलाच्या दाबाचा काटा डळमळला आणि सावरला. कुणी श्वास सोडला, कुणी कुजबुजलं. थोरलीलाही पुरती खात्री नव्हती, पण तिने ताण होता तिथेच ठेवला. आणि मग दुसरा पंप कर्कश किंचाळला, सगळं टेबल हादरलं आणि काटा सरळ शून्यावर येऊन पडला.

मामांनी डोळ्यांना फडकं लावलं. हळूहळू एकेकाची नजर धाकटीकडे वळली. ती बाकाजवळ आली आणि तेलाने माखलेल्या त्या पंपाकडे बघत म्हणाली, "काठी हलेना म्हणून तो इस्पितळातून ओरडून सांगतोय. कुणी ऐकलं का?"

आता साहेब काय करणार, याकडे सगळ्यांचं लक्ष लागलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारे वरिष्ठ सगळ्यांनी पाहिले होते. कोठाराला दोष देता आला असता, मेकॅनिकांना देता आला असता, थोरलीलाही देता आला असता. साहेब बाकाजवळ गेले. दोन्ही पंपांच्या पट्ट्या त्यांनी वाकून वाचल्या. सरळ झाले तेव्हा दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते.

"उसनवारी मी सुरू केली," ते दलप्रमुखांना म्हणाले. "तेव्हा गरज होती. गरज संपली तरी मी ती संपवली नाही, कारण तिने मला मोठं केलं होतं. काल या बाईंनी मला सांगितलं आणि मी हसलो. पायलटची चूक नव्हती, सर. माझी होती."

कुणाला पटो न पटो, एवढ्या लोकांसमोर एवढं बोलायला काळीज लागतं. साहेबांवर राग धरावा असं पुष्कळ होतं, पण हे त्यांच्या पदरात टाकलंच पाहिजे.

"उड्डाणं बंद," दलप्रमुख म्हणाले. "नवे पंप मी पाठवतो. यापुढे विमान उडायचं की नाही, ते या बाई ठरवतील. आणि तुम्ही," ते साहेबांकडे वळले, "शेवटचं विमान नीट होईपर्यंत इथून हलायचं नाही. मग तुमचं बघू."

ते बाहेर पडले आणि हँगरमध्ये असा जल्लोष उठला, की पत्रे थरथरले. मामांनी थोरलीला उचलायचा बेत केला, पण मॅडमना उचलायचं कसं हे न कळून शेवटी त्यांनी दुसऱ्या एका मेकॅनिकलाच उचललं. धाकटीने मात्र कुणाला न विचारता, त्या तेलकट हातांसकट, आपल्या जावेला घट्ट मिठी मारली. "थांबा मॅडम," ती तिच्या कानात म्हणाली, "आता सोडा की, श्वास घेता येईना." सोडत तीच नव्हती.

नवे पंप आले. प्रत्येक विमान आपल्या स्वतःच्या भागांनिशी उभं राहिलं. साहेब बाह्या वर करून मेकॅनिकांबरोबर राबले, आणि हँगरची ती भिंत त्यांनीच पांढरी करून टाकली. मग उड्डाणाचा दिवस ठरला. त्या दिवशी मुक्याच्या आईला बोलावणं गेलं.

ती शाळेत शिकवायची. ताठ कण्याची, खणखणीत आवाजाची बाई. मुक्याच्या वाटचंही तिनेच बोलून घेतलं असावं. सासूबाई तिच्याशेजारी बसल्या होत्या, तिचा हात हातात घेऊन. थोरलीने प्रत्येक विमान स्वतः बघितलं आणि हात वर केला. तुकडी एकामागून एक धावपट्टीवरून उठली, पुढे धाकटी.

साहेब मुक्याच्या आईजवळ आले. त्यांनी हात जोडले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या मुलाची चूक नव्हती. माझी होती. मला क्षमा करा."

तिने त्यांच्याकडे बघितलं. रागाने नव्हे, वर्गात पुटपुटणाऱ्या मुलाकडे बघावं तसं.

"चूक त्याची होती, हे तुम्ही साऱ्या मुलखाला ओरडून सांगितलंत," ती म्हणाली. "भाजी घ्यायला गेले तरी लोक माझ्याकडे वळून बघायचे. आणि चूक नव्हती, हे असं कानाशी येऊन सांगता?"

साहेब वळले आणि नियंत्रण मनोऱ्याचा जिना चढू लागले. थोरली खालून बघत राहिली. थोड्याच वेळात मैदानावरचे सगळे भोंगे खरखरले. तोच आवाज आकाशातल्या प्रत्येक पायलटच्या कानातही जात होता, आणि उड्डाणाचं वर्णन चालू होतं त्या रेडिओवरून घराघरांतही.

"मी तळप्रमुख बोलतोय. खाली जमलेल्या, वर उडणाऱ्या आणि घराघरांत ऐकणाऱ्या सगळ्यांनी ऐका. आमच्या ज्या पायलटला आपण मुका म्हणत होतो, त्याची काहीही चूक नव्हती. त्याने शेवटपर्यंत विमान सावरायचा प्रयत्न केला. चूक माझी होती."

मुक्याच्या आईने तोंडावर पदर घेतला. कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरची माणसं थांबून भोंग्याकडे बघत होती.

मग वरून वायरलेस बोलला. भोंग्यांतून धाकटीचा आवाज आला.

"नीट ऐकू आलं नाही, साहेब. पुन्हा सांगा."

हे साफ खोटं होतं. तो वायरलेस थोरलीने त्याच सकाळी स्वतः तपासला होता. ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. शेजारी मुक्याच्या आईने तोंडावरचा पदर काढला आणि मान वर केली.

साहेबांनी पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्याने.